शेजारच्या खोलीतलं मशीन

नातीचं बोट कडबाकुट्टीत चेचलं, म्हणून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई बोट बधिर करायला सुजलेल्या जागेशीच सुया टोचत होत्या आणि पोर किंचाळत होती.

"सोनोग्राफीत नस दिसली असती, आजी, तर मनगटाजवळ एका सुईत भागलं असतं."

"मग आणा की! शेजारच्या खोलीत तर आहे मशीन."

"कायदा आहे. मशीन तिथून हलवता येत नाही, आणि हिला तिथं नेलं तरी ते चालवायची परवानगी माझ्याकडे नाही. पोटातल्या मुली बघून पाडायचे ना लोक."

मला आधी बाईंचा राग आला, मग कायद्याचा. पण कायदा ज्यांच्यामुळे करावा लागला, ती माणसं आमच्या गावात ताठ मानेनं फिरतात. आणि जन्माला आलेली ही मुलगी माझ्या दंडात नखं रुतवून रडत होती.