बायका आणणारी

"अक्का, तू बायका आण की. उमेदवार आमी आणतो."

भाऊ असं म्हणाले आणि खोलीतले सगळे हसले. मोठ्यानं नाही, चहाचा घोट घेता घेता माणसं हसतात तसं. उमेदवारी मागणारा माझा अर्ज टेबलावर होता. माझ्या लेकीनं चांगल्या अक्षरात लिहून दिलेला. भाऊंनी त्याच्यावर रिकामा कप ठेवला आणि पुढच्या माणसाला आत बोलवायला सांगितलं.

भाऊ म्हणजे आमच्या पक्षाचे सोलापूरचे शहराध्यक्ष. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्यांच्या कार्यालयात इच्छुकांच्या मुलाखती चालल्या होत्या. आमच्या प्रभागातली एक जागा सोडतीत महिलांसाठी निघाली होती. सोडत निघाली त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनी मला साखर भरवली होती. आता नगरसेविका म्हणायचं बघ तुला, म्हणाल्या. मी लाजले होते. वेडीच मी.

मुलाखतीला दोघांनी या, असा निरोप होता. म्हणून नवरा सोबत आलेला. टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसला होता. सगळे प्रश्न त्याला. तुम्ही काय करता, घरी कोण कोण असतं, पोरं केवढी आहेत. मग एकानं विचारलं, बाईंना रात्रीअपरात्री बैठकीला सोडाल का? मला हसू आलं. दहा-बारा वर्षं मी यांच्याच बैठका संपवून एकटी चालत घरी येत होते. तेव्हा नवऱ्याची परवानगी कुणाला आठवली नव्हती.

नवरा म्हणाला, "ती जातेच की."

त्यावरही हसले. मला एकही प्रश्न आला नाही. मी तिथं होते, माझी मुलाखत होती आणि मला एकही प्रश्न नाही. शेवटी मीच तोंड उघडलं. आमच्या भागात चार-चार दिवस नळाला पाणी येत नाही, त्यासाठी काय करता येईल ते सांगते, म्हणाले. भाऊंनी हाताचा पंजा वर केला. आणि मग ते वाक्य.

बाहेर आल्यावर माझे कान गरम झाले होते. कुणी थोबाडीत मारलं असतं तर निदान गालावर वळ तरी दिसला असता.

बायका आणणारी. पक्षात माझी ओळख हीच. कार्डावर महिला आघाडी उपाध्यक्ष असं छापलेलं आहे, पण फोनमध्ये माझं नाव कुणी तसं ठेवलेलं नाही. मी विड्या वळते. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापूरला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, पलीकडच्या मोहल्ल्यात गेलं की तिथली भाषा. भाऊंना हे सोयीचं होतं. सभा ठरली की फोन यायचा. अक्का, पन्नास पाहिजेत. अक्का, दोन गाड्या भर. अक्का, म्हाताऱ्या नकोत, फोटोत बरं दिसत नाही.

बायका यायच्या. मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवून, त्या दिवसाची मजुरी बुडवून यायच्या. भाऊंसाठी नव्हे. मी त्यांच्या रेशन कार्डासाठी हेलपाटे घातलेले असायचे, कुणाच्या सुनेच्या बाळंतपणात सिव्हिलला बसलेली असायचे. माझा शब्द म्हणून यायच्या आणि मंडपात उकडत बसायच्या.

सभेत माझं आणखी एक काम असायचं. टाळीचं. भाषणातलं मराठी आमच्यात कुणी ऐकत नाही. कळतं सगळं, पण ऐकावं असं त्यात काही नसतं. बायका आपापसात बोलत बसतात, पोरांना पाजतात. मग साहेब लोक बोलता बोलता थांबले की टाळी कोण वाजवणार? म्हणून मी सगळ्यांच्या पुढे बसायची. मी वाजवली की मागच्या वाजवायच्या. मंचावरून भाऊ नुसती भुवई उचलायचे, की मी सुरू. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाही. त्याचा मला अभिमान वाटायचा, हे आता लिहितानाही लाज वाटते.

उमेदवारांची यादी आली. आमच्या प्रभागात भाऊंच्या सूनबाई. राहायला लांब जुळे सोलापुरात, नव्या बंगल्यांच्या वस्तीत, आमच्या भागात याआधी कधी पाय ठेवलेला नाही. काल-परवापर्यंत तिचं नावही कुणाला माहीत नव्हतं, आता पोस्टरवर ती हात जोडून उभी. तिच्या डोक्यावर सासऱ्याचा फोटो तिच्याहून मोठा, शेजारी नवऱ्याचा. भाऊंनी मला फोन करून सांगितलं, सूनबाईला गल्ली दाखव.

दाखवली. काय करणार? नवरा ज्या कारखान्यात कामाला, तो भाऊंच्या साडूचा. सूनबाई माझ्यामागून चालत होती, नवी साडी गटारीच्या पाण्यातून वर धरून. मला तिचा राग करायचा होता. एका वळणावर तिचा नवरा फोनवर बोलत मागे राहिला, तशी ती पटकन म्हणाली, "मला नव्हतं हो उभं राहायचं. मला कुणी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून तिच्यावर राग धरता येईना. सगळा राग भाऊंच्याच दारात जाऊन थांबायला लागला.

मग महिला मेळावा ठरला. मुंबईहून पक्षाचे मोठे साहेब येणार होते. भाऊंचा फोन: नेहमीपेक्षा जास्त बायका आण. मी हो म्हणाले. का म्हणाले? सवय. आणि भीती. भीती जास्त.

मंगल कार्यालय भरलं. महिलांचा मेळावा, आणि मंचावर एका रांगेत पुरुष. टोकाला सूनबाई, तिच्यामागे वाकून तिचा नवरा. आम्ही सगळ्या खाली सतरंजीवर. आभार मानायच्या यादीत माझं नाव असेल असं वाटलं होतं. भाऊंनी मंडपवाल्याचे आभार मानले, माइकवाल्याचे मानले, बायकांना म्हणाले, आपण मोठ्या संख्येने जमलात. जणू आम्ही वाऱ्यानं जमलो होतो.

साहेब बोलायला उभे राहिले. चांगलं बोलतात. आवाज भारदस्त. म्हणाले, राज्याच्या राजकारणात महिलांना बरोबरीनं बसवणारा पक्ष कुठला असेल, तर तो आपला.

आणि थांबले.

ही टाळीची जागा. भाऊंची भुवई वर गेली. माझे हात मांडीवर होते. मी काही ठरवून आले नव्हते, शपथेवर सांगते. हात उठलेच नाहीत. मागे बांगड्यांची चुळबुळ झाली, मग तीही थांबली. पंखे फिरत होते तेवढाच आवाज. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. मागच्या दाराशी उभ्या कुण्या कार्यकर्त्यानं दोन टाळ्या वाजवल्या आणि एकटाच वाजवतोय म्हटल्यावर तोही थांबला.

साहेब पुढे बोलले. आमची ही लेक, आमची ही सून आज मंचावर बसली आहे, म्हणाले. पुन्हा थांबले. पुन्हा काही नाही.

एकदा वाजवून टाकावी असं वाटलं. एक टाळी, आणि सगळं पहिल्यासारखं झालं असतं. माग चालू राहिला असता, फोन येत राहिले असते.

भाऊ मंचावरून खाली उतरले. तोंडावर हसू ठेवून माझ्याजवळ आले, वाकले.

"अक्का, टाळी. काय झोपलीस का?"

"बायका आणायला सांगितलं होतं, भाऊ. आणल्या. टाळ्या तुमी आणा."

मी हळूच बोलले होते, पण त्या शांततेत ते चौथ्या रांगेपर्यंत गेलं. भाऊंचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. ते वर जाऊन बसले.

माझ्यामागे लक्ष्मम्मा होती. साठी ओलांडलेली, आमच्या गल्लीत सगळ्यात जुनी विडी वळणारी. तिनं माझा पदर ओढला. "एमैंदी?" म्हणजे काय झालं. मी मागे न वळता तिला तेलुगूत सांगितलं. मुलाखत, कप, ते वाक्य. मुलाखतीनंतर कुणाला सांगितलं नव्हतं, तिथं पहिल्यांदा सांगितलं. लक्ष्मम्मानं शेजारणीला सांगितलं, तिनं मागच्या रांगेला. साहेब मराठीत नारीशक्तीवर बोलत होते आणि खाली तेलुगूत माझा अपमान एकेका रांगेनं मागे सरकत होता. मंचावर एकालाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. भाऊंना वाटलं असेल, बायका गप्पा मारतायत.

मग गप्पाही थांबल्या. भाषण संपेपर्यंत आमच्या बायका हात मांडीवर ठेवून साहेबांकडे बघत बसल्या. एक उठली नाही, एकीनं मांडीवरचा हात उचलला नाही. साहेबांनी भाषण लवकर आवरलं. सूनबाई खाली मान घालून बसली होती.

बाहेर आल्यावर मला वाटलं, बायका माझी पाठ थोपटतील. लक्ष्मम्मा समोर आली. ही एरवी तेलुगूच बोलते. चिडली की मात्र मराठीत येते, कारण तिची आयुष्यातली सगळी भांडणं सरकारी ऑफिसात झाली आहेत.

"तुजं तिकीट गेलं म्हणून तू गप बसलीस," ती म्हणाली. "आमी का गप बसलो, ते इचारलंस का?"

खरंच विचारलं नव्हतं. कधीच नाही.

"चार दिवसानं पाणी येतं, तेबी गढूळ," ती म्हणाली. "ह्या साहेबाला आमी मागल्या वेळेलाबी टाळी वाजवली. तू म्हणालीस म्हणून. आता तू उभी ऱ्हा. पर आमाला आणू नको. आमी येतो."

आणि ती चालायला लागली. गाड्या उभ्या होत्या, आणताना ज्यातून आणलं त्या. एकही बाई गाडीत बसली नाही. ऊन मी म्हणत होतं. सगळ्या चालत घरी गेल्या आणि मी त्यांच्या पुढे नव्हते, त्यांच्यामागून चालत होते.

दुसऱ्या दिवशी नवरा दुपारच्या आत घरी आला. डबा न उघडलेला. उद्यापासून येऊ नको म्हणाले, एवढंच बोलला. मी भिंतीला टेकून खाली बसले. मी घाबरले होते, भयंकर घाबरले होते. माफी माग, असं तो एका शब्दानं म्हणाला असता तर मी त्या क्षणी भाऊंकडे गेले असते. तो हातपाय धुऊन आला, डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "आता भर अर्ज. बंद करायला त्यांच्याकडं दुसरं काय राहिलंय?"

अपक्ष म्हणून अर्ज भरला. त्या दिवशी मी कुणाला फोन केला नव्हता. निवडणूक कार्यालयाच्या फाटकाशी पोचले तर बायका आधीच येऊन सावलीत बसल्या होत्या.

छाननीत अर्ज टिकला, तेव्हा भाऊ स्वतः घरी आले. आमच्या घरी पहिल्यांदा. खाटेवर बसले, नवऱ्याकडे वळले आणि त्याच्याशी बोलायला लागले. बाईमाणसाला राग येतो, समजून घेऊ. निवडणूक झाली की स्वीकृत नगरसेविका म्हणून आत घेऊ. माग उद्यापासून चालू. तुम्ही जरा समजवा यांना. नवरा ऐकत होता. मग उठला, चप्पल घातली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. खोलीत भाऊ आणि मी. आता त्यांना माझ्याकडे बघणं भाग होतं.

मी म्हणाले, "बोला भाऊ. उमेदवार मी हाय."

ते फार बोलले नाहीत. जाताना दारात थांबून म्हणाले, "डिपॉझिट जाईल तुजं."

जाईल. मला माहीत आहे. माझ्याकडे गाड्या नाहीत, माणसं नाहीत, नवऱ्याचा माग बंद आहे आणि विड्यांवर घर चाललंय. सूनबाईची पोस्टरं आमच्याच घराच्या भिंतीवर लावून गेलेत. मी पडू शकते. वाईट पडू शकते.

आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. तीन वाजेपर्यंतची मुदत आहे आणि मला न्यायला भाऊंची गाडी सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी लागली आहे. तिच्यातून दोनदा निरोप आला. तिसऱ्यांदा फोन आला, तो मी बंद करून ठेवला. एवढं लिहून झालं की मी निघणार आहे, गाडीच्या अंगावरून, पलीकडच्या गल्लीत.

पक्षानं मला बारा वर्षं दारोदार फिरवलं. ताईंना मत द्या, दादांना द्या, साहेबांचे हात बळकट करा. माझ्या तोंडून हजार वेळा निघालेली वाक्यं. स्वतःसाठी त्या दारांत मी पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नाही. काल माझं स्वतःचं वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं, तर अर्ध्यावरच थांबले.

आज पहिल्या दाराची कडी वाजवून ते मोठ्यानं म्हणणार आहे. पुढच्या वेळीही म्हणणार, महापालिकेला, विधानसभेला, जिथं जागा निघेल तिथं.

मला मत द्या. मला.