बिकेंगेच्या मुखवट्याची दाढी

बिकेंगे फासे लावून जनावरं धरायचा. रानात एकटा असला की वाघ. चारचौघांत मात्र मागच्या रांगेत दडायचा. त्यामुळे ब्वामी या गावातल्या जाणत्यांच्या मंडळीतली वरची पायरी चढायला त्याला पंचेचाळिशी गाठावी लागली.

काका वारले तेव्हा त्यांचा लाकडी मुखवटा थडग्यावर मांडला होता. तळहाताएवढा, पांढरी माती फासलेला, खाली तंतूंची लांब दाढी. आज वरच्या पायरीबरोबर तो पुतण्याकडे, बिकेंगेकडे यायचा होता.

सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. "अहो, एक केळं तरी खा," बायको वाबीवा म्हणाली. "तिथं चक्कर आली तर सगळे मलाच बोलतील, नवऱ्याला उपाशी ठेवते म्हणून."

"पोटात ढोल वाजतोय गं. केळं कुठं घालू?"

ती हसली. पण गडबडीत तिनेही त्याच्या अंगाला दोनदा तेल चोळलं. नवरा चढला की दुसऱ्या दिवशी तीही बायकांची पायरी चढणार होती.

अंगणात ढोल घुमू लागले. म्हातारा मिसिसी मंडळीतला नाच आणि रीत शिकवणारा. त्याने मुखवटा बिकेंगेच्या हाती दिला आणि रांग सुरू झाली. सगळे वाकून, दाढी धरून आपापला मुखवटा जमिनीवरून ओढत नाचत होते. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत बिकेंगेचा हात एकदम हलका झाला. दाढी मुठीत, मुखवटा पाच पावलं मागे, धुळीत.

रांग थांबली, ढोलही थांबले. वाबीवाने तोंडावर हात ठेवला.

बिकेंगेचे पाय मात्र थांबले नाहीत. तो नाचतच उलटा मागे गेला, गुडघे टेकले, मुखवटा उचलून कपाळाला लावला आणि तुटलेली दाढी आपल्याच हनुवटीखाली धरली. तसाच खांदे घुसळत उठला.

कुणीतरी फिसकन हसलं. सगळे मिसिसीकडे बघू लागले.

"काकाला पुतण्या फारच आवडलेला दिसतोय," म्हातारा म्हणाला. "दाढीसुद्धा काढून दिली. अरे, ढोल का थांबवलेत?"

मग ढोलांनी जो ठेका धरला, तो बिकेंगेच्या अंगात भिनला. बाकीचे दमून बसले तरी तो नाचत होता. शेवटी मिसिसीने दंडाला धरून त्याला मोठ्यांच्या रांगेत बसवलं.

"बस बाबा. आता तू आमच्यातला. आम्हाला जरा श्वास घेऊ दे."

वाबीवाने दुपारीच केळीच्या सोपटाचे तंतू वळून नवी दाढी बांधली. बिकेंगे शेजारी बसून चार केळी संपवत होता आणि तोंड भरलेलं असतानाच तिला सांगत होता, उद्या तिच्या वेळी पाय कुठं टाकायचा ते.