मंदाताईंचं जपानी

शनिवारी दुपारी माझ्या दाराची बेल वाजली. दारात समोरच्या इमारतीतली स्वरा उभी होती, हातात रंगीत कागदांची गुंडाळी, आणि तिच्या मागे जिन्यात तिच्याच वयाची चार-पाच मुलं. "मावशी, आजी दार उघडत नाहीयेत. आम्ही केव्हाची बेल वाजवतोय." मंदाताईंची किल्ली माझ्याकडे असायची आणि माझी त्यांच्याकडे. एकट्या राहणाऱ्या शेजारणींना अशी सोय करावीच लागते. मुलांना जिन्यात थांबवून मी आत गेले... त्या खुर्चीत बसलेल्या होत्या, चष्मा तसाच डोळ्यांवर. टेबलावर क्लासची तयारी मांडून ठेवली होती. जेवून जरा टेकल्या असतील आणि झोपेतच गेल्या असतील, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी बाहेर येऊन मुलांना सांगितलं, "आज क्लास नाही." त्या क्षणी मला तेवढंच सुचलं.

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत मंदाताईंना सगळे 'जपानी आजी' म्हणत. जपान त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तेही मुलाच्या लग्नात. अनिरुद्ध नोकरीसाठी तिकडे गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मिका झाली. मिका बोलायला लागली तेव्हा मंदाताईंनी साठी ओलांडली होती आणि त्यांचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नात बडबडायची आणि आजी नुसती हसायची. एक दिवस त्या माझ्याकडे चहाला आल्या आणि म्हणाल्या, "शैलाताई, ती मला काहीतरी विचारते हो. मी हसते. तिला वाटत असेल, आजी वेडी आहे." दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जपानीच्या क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी आयटीतली मुलं. पहिला धडा, 'मी कंपनीत नोकरी करतो.' मंदाताई महिनाभर गेल्या आणि सोडून आल्या. "मला काय नातीला मुलाखत द्यायची आहे?" मग अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड शब्दकोश आणला आणि बाकीचं मिकाकडूनच शिकल्या. रविवारी सकाळी फोन लागायचा. मिका एकेक वस्तू पडद्यासमोर धरून नाव सांगायची, आणि या इथे तेच मोठ्यांदा म्हणायच्या. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. तीन वर्षांची मास्तरीण आणि साठीची विद्यार्थिनी... तेवढं हसताना मी त्यांना नंतर कधी ऐकलं नाही.

मिका शाळेत जायला लागली, आणि थोड्याच वर्षांत अनिरुद्धचा संसार मोडला. भांडणतंटा काही नाही. मुलगी आईकडे राहिली, तो कॅनडाला गेला. सूनबाई भली होती, रविवारचा फोन तिने बंद केला नाही. पण मुलगी मोठी होत गेली. तिचं बोलणं मोठ्या माणसांचं झालं, भरभर आणि अवघड. मंदाताई मात्र लहान मुलाच्याच जपानीत राहिल्या. फोन रविवारचा महिन्यावर गेला, मग वाढदिवसावर आला. पुढे वाढदिवसालाही नुसता फुलांचा फोटो यायचा. त्याबद्दल त्या तक्रारीचा शब्द बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "एका माणसासाठी आख्खी भाषा शिकले हो मी. आता ती कुणाशी बोलू?"

मुलांशी बोलू लागल्या. शाळेच्या हस्तकलेसाठी कुणाला तरी कागदाचा बगळा हवा होता, तिथून सुरुवात झाली. दर शनिवारी त्यांच्या हॉलमध्ये मुलं जमायची, घड्या घालता घालता रंग, आकडे, प्राण्यांची नावं शिकायची. मार्चमध्ये बाहुल्यांचा सण असायचा, त्याला आमच्याकडच्या भातुकलीतल्या लाकडी ठक्या मिरवून घ्यायच्या. मे महिन्यात मुलांसाठीचा सण म्हणून बाल्कनीत कापडी मासे फडकायचे. "मासे वाळत घालायला हा कोळीवाडा आहे का?" असं खालच्या मजल्यावरचे काका विचारून गेले, तर मंदाताईंनी शांतपणे सांगितलं, "शाकाहारी आहेत. जुन्या साडीचे." जुलैत ताऱ्यांचा सण. बुरूड आळीतून हिरवा बांबू यायचा आणि मुलं आपापली इच्छा कागदाच्या पट्टीवर लिहून त्याला बांधायची. आकाशातली नदी ओलांडून दोन तारे वर्षातून एकदाच भेटतात, पण त्या दिवशी पाऊस असला तर भेट चुकते, अशी ती गोष्ट. मुलं खिडकीतून वर बघायची. वर काळेभोर ढग. "पुण्यात काही जमायचं नाही त्यांचं," मंदाताई म्हणायच्या आणि खाऊच्या बशा आणायला आत जायच्या. बराच वेळ आतच थांबायच्या.

अनिरुद्ध आला, दिवस करून गेला. घर विकायचं ठरलं. त्यानंतर काही आठवड्यांनी मिका आली, एकटी. उंच, विशीतली मुलगी, डोळे थेट मंदाताईंचे. तिला मराठी येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं. दोघींच्या मोडक्या इंग्रजीत मी तिला घर दाखवलं. ती प्रत्येक खोलीच्या दाराशी थांबायची, पाहुण्यासारखी. तो शनिवार होता. खिडक्या उघड्या दिसल्या म्हणून की काय, बेल वाजली आणि मुलं आत आली. मिकाला बघून सगळी दारातच थबकली. मग स्वरा धीटपणे पुढे झाली, कमरेत वाकली आणि जपानीत काहीतरी बोलली. मिकाने आश्चर्याने उत्तर दिलं. पाचच मिनिटांत कागद निघाले, घड्या सुरू झाल्या. मी स्वयंपाकघरात सरबत करत होते. स्वराचा आवाज आला, "हामिसा कुदासाई." आणि मिकाचं हसू, मोठ्याने... ते मध्येच तुटलं.

मी बाहेर आले तर मिका तोंडावर हात धरून बसली होती. मुलं घाबरून माझ्याकडे बघत होती. मग तिने मला समजावलं. स्वराने कात्री मागितली होती. कात्रीला जपानीत 'हासामी' म्हणतात. लहानपणी तिला ते नीट म्हणता यायचं नाही, ती 'हामिसा' म्हणायची. आईने सुधारलं, शाळेने सुधारलं, ती स्वतःही विसरून गेली होती. आणि इथे पुण्यात मुलं तिचा तो शब्द बोलत होती. ती म्हणाली, आजीला बिचारीला खरा शब्द कधी कळलाच नाही.

मी स्वराला विचारलं, "अगं, आजींना माहीत नव्हतं का, हा शब्द चुकीचा आहे ते?"

"माहीत होतं की," स्वरा म्हणाली. "आजी म्हणायच्या, पुस्तकात वेगळं दिलंय, परीक्षेला बसलात तर तसं लिहा. पण आपल्या घरी असंच म्हणतात."

मी ते मिकाला इंग्रजीत सांगितलं. कितपत जमलं, देव जाणे. ती उठून बाल्कनीत गेली आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. मुलांनी आपापल्या घड्या पूर्ण केल्या. चार दिवसांनी ती गेली. जाताना फोन करीन म्हणाली. अजून आलेला नाही. तरुण मुलं, त्यांची कामं असतात.

मंदाताईंची एक सवय सांगायची राहिली. मुलं आत बसली की त्या बाहेर जाऊन दारातल्या सगळ्या चपला उचलून फिरवून ठेवायच्या, तोंडं जिन्याकडे. तिकडची पद्धत. गुडघे दुखायचे तरी खाली वाकून करायच्या. मी चहाला गेले की माझ्याही. "अहो, राहू द्या, मी काय परकी आहे का?" म्हटलं तर म्हणायच्या, "जाणाऱ्याला वळायला लागू नये. घालून सरळ चालू लागावं."

आता शेजारच्या दाराला कुलूप आहे. भाजी घेऊन आले की मी दारात चपला काढते, पिशवी ओट्यावर ठेवते, आणि पुन्हा बाहेर येऊन त्या फिरवून ठेवते. एकच जोड असतो. फार वेळ लागत नाही.