सासूबाईंची चिमटी

माझ्या सासूबाईंनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही, आणि मीही काही गरीब गाय नव्हते. त्यामुळे घरात रोज खटके उडायचे. कारण बहुतेक वेळा एकच असायचं, पाव.

हे पाव एका घासाचे. आत खिमा, खिम्याच्या मधोमध चीजचा तुकडा, बाहेर मऊ मैद्याचं आवरण. वाढदिवस असो, निरोपसमारंभ असो, आमच्या भागात चार माणसं जमली की हे पाव लागायचेच. सासूबाई लग्नाआधी एका बेकरीत पॅकिंगला होत्या. तिथल्या भट्टीवाल्याचे हात बघून बघून शिकल्या आणि सासरे गेल्यावर घरातच काम सुरू केलं. त्याला तीस वर्षं झाली. लोक त्यांना पाववाल्या बाई म्हणायचे. त्यांना ते फार आवडायचं, फक्त तसं दाखवायच्या नाहीत.

या कामात सगळं चिमटीवर असतं. सारण भरायचं, कडा वर घ्यायच्या आणि चिमटीने बंद करून ती बाजू ट्रेवर खाली ठेवायची. कडेला खिम्याची चरबी लागली असेल तर ती चिकटल्यासारखी दिसते, पण ओव्हनमध्ये उघडते. मग चीज वाहून ट्रेवर जळतं, खिमा कोरडा पडतो आणि पाव फेकून द्यावा लागतो. कड नीट बसली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांनाच कळतं.

म्हणून माझ्या लग्नानंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी चिमटी माझ्या हाती दिली नाही. मी पीठ मळायचं, कांदा चिरायचा, वरून ब्रशने अंडं लावायचं आणि ओव्हन सांभाळायचा. एकदा मी हट्टाने दहा पाव बंद केले. त्यांनी ते एकेक उघडून पुन्हा बंद केले आणि म्हणाल्या, "ही चिमटी आहे की मुंगी चावली?" नवरा खो खो हसला. मी दोन दिवस दोघांशीही बोलले नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी अंडं लावताना एक पाव वाकडा बसलेला दिसला. उलटा करून पाहिला तर तोंड उघडं. शेजारचा पाहिला, तोही तसाच. साठात चार निघाले. सासूबाई आत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या आणि ओव्हन बाहेरच्या खोलीत, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. मी चारही पाव चिमटीने बंद केले आणि ट्रे आत सरकवला.

सांगायला हवं होतं. पण पाव छान फुलून आले, त्यांनी ट्रेवर नजर फिरवून मान हलवली आणि मला वाटलं, कशाला उगाच. वय झालंय, राहील एखादी चिमटी. पुढच्या आठवड्यात सात निघाले. मग मी प्रत्येक पाव उलटा करून बघायला लागले. महिन्या-दोन महिन्यांत ती माझी सवयच झाली. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही येत होती. मुंगी चावलेल्या चिमटीवर यांचा सगळा कारभार चालला होता आणि यांना पत्ता नव्हता. हा माज मी कुणाला बोलून दाखवला नाही, पण होता.

बाकीच्या गोष्टीही दिसत होत्या. त्या ब्लाउजची बटणं लावायला वेळ घ्यायच्या. दोनदा हातातून कप पडला. जिना उतरताना कठडा घट्ट धरायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "बोटांना जरा मुंग्या येतात गं. काम थोडंच अडलंय?"

काम अडलं नव्हतंच. मी ते अडू दिलं नव्हतं.

मग माझ्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि मी चार दिवस माहेरी गेले. त्याच दिवसांत जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा निरोपसमारंभ होता, दोनशे पाव. निघताना नवऱ्याला म्हटलं, "ओव्हनमध्ये घालण्याआधी प्रत्येक पाव उलटा करून बघ." तो हो म्हणाला. त्याचं हो म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "निम्म्याहून जास्त उघडलेत. आई नुसती खुर्चीत बसून आहे. शाळेत तिनेच फोन करून सांगितलं, जमणार नाही म्हणून."

मी परतले त्या दिवशी सासूबाई दारात तयार उभ्या होत्या. "चल माझ्याबरोबर, डॉक्टरकडे जायचंय." आयुष्यभर डॉक्टरचं नाव काढलं की भांडणारी बाई.

डॉक्टरांनी हातापायांवर सुई टोचून पाहिली, चालायला लावलं, मानेचा फोटो काढून आणायला सांगितला. तो घेऊन आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर बसलो. मानेच्या मणक्यात हातापायांकडे जाणारी नस दबली होती. "ऑपरेशन करू," ते म्हणाले, "म्हणजे पाय तरी वाचतील. हातांचं आता अवघड आहे. वर्षभर आधी यायला हवं होतं."

"वर्षभर?" सासूबाई चिडल्या. "अहो, गेल्या आठवड्यापर्यंत माझा एक पाव उघडला नव्हता. विचारा हिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. मला खोटं बोलता आलं असतं, जीभ तशी वळतही होती. पण त्यांचे दोन्ही हात टेबलावर पालथे पडले होते, आणि मी सगळं सांगून टाकलं.

बाहेर बाकावर बसल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ट्रेमागे किती?"

"सुरुवातीला चार-पाच. नंतर निम्मे."

"निम्मे," त्या म्हणाल्या. "मी रोज ट्रे बघायचे. म्हणायचे, बोटांना कळत नसलं तरी हात बरोबर करतायत, म्हणजे काही झालेलं नाही. म्हणून आले नाही."

"आई, मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"माहितेय मला. पहिला उघडा पाव दिसला तेव्हा हाक मारायचीस. मी तुझ्यावरच ओरडले असते. रात्रभर धुसफुसले असते. आणि सकाळी इथे आले असते."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं. मीही उलटून बोलले असते, आम्हाला तेच येत होतं. पण त्या हळू बोलत होत्या, आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता. त्यांचे हात मी घालवले. चांगल्या मनाने घालवले, एवढंच.

थोड्या वेळाने त्यांना तहान लागली. मी पिशवीतली बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी झाकण दोनदा फिरवून पाहिलं, मग बाटली माझ्याकडे परत केली.