जिंकल्यानंतरचा रकाना

माझे पती गेले त्याला सहा महिने होत आले होते. त्यांना मी घरात ‘अहो’ म्हणायची आणि बाहेर बोलताना ‘हे’. लिहितानाही ‘हे’च बरं वाटतं.

सहा महिन्यांत मी रडले नव्हते. बंगळुरूहून मुलगी रोज फोन करायची. “आई, रडलीस का गं?” असं एकदा तिने सरळच विचारलं. मी नाही म्हणाले. तिला काळजी वाटली असावी, कारण पुढच्या आठवड्यात ती दोन दिवसांसाठी आली, फ्रिज आवरला आणि परत गेली. मला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. दाढ काढल्यावर दुपारभर गाल जसा आपला नसतो, तसं अंगभर होतं. मी पस्तीस वर्षं सरकारी पशुवैद्यक होते, आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. जनावराला गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर ते उभंच राहतं, डोळे उघडे असतात, पण टोचलं तरी हलत नाही. आपलं तसं झालंय एवढं कळत होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईला डर्बी होते, घोड्यांची वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत. ह्यांचा त्या दिवशी नेम असे. जेवण लवकर आटपायचं, टीव्हीसमोर बसायचं, आणि शर्यत संपली की जिंकलेल्या घोड्याचं नाव वहीत लिहायचं. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला हा नाद कुठून लागला मला माहीत नाही. पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. लहानपणी मनमाडला रेल्वेच्या चाळीत शेजारी कोणीतरी मुंबईचे पेपर आणायचं, त्यातले घोड्यांचे फोटो कापून ठेवायची सवय लागली, एवढंच ते सांगायचे. या वर्षी तो रविवार आला आणि गेला. मी टीव्ही लावला नाही. कोण जिंकलं ते मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी फोन आला. अनोळखी नंबर, माणूस खालच्या आवाजात बोलत होता.

“मॅडम, मी गंगेवरचा घोडेवाला. घोडी दोन दिस झाले जागची हलत नाय. सरकारी डॉक्टर ट्रेनिंगला गेलेत. तुम्ही येता का?”

“माझा नंबर कोणी दिला?”

“साहेबांनी दिला होता. लय आधी. म्हणाले होते, अगदीच अडलं तर लाव.”

कुठले साहेब, हे मी विचारलं नाही. खात्यात साहेब पुष्कळ होते. नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात; गाडी काढली आणि पंचवटीच्या बाजूला त्याच्या तबेल्यावर गेले. पत्र्याची शेड, दोन पांढऱ्या घोड्या वरातीच्या, आणि मागे एकटी एक तांबडी. पांढऱ्यांपेक्षा हातभर उंच, पाय लांब, मान सडपातळ. हाडं वर आली होती, पण बघताक्षणी कळत होतं की ही बाजारातली घोडी नाही. पुढचे पाय समोर ताणून सगळा भार मागच्या पायांवर घेऊन ती उभी होती. खुरांवर हात ठेवला. दोन्ही गरम. खुराच्या आतला भाग सुजून सुटायला लागला की घोडा असाच उभा राहतो.

घोडेवाला पन्नाशीचा, बारीक, डोक्याला गमछा. मी तपासत होते तेव्हा तो तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत होता.

“काय काम करते ही?” मी विचारलं.

“वरातीला पांढरीच लागते लोकांना. ही मिरवणुकीला जाते. शिवजयंतीला. नायतर रविवारी पोरांना फेऱ्या.” मग तो म्हणाला, “साहेब म्हणायचे, पोरांना कशाला बसवतो, ही डर्बी जिंकलेली हाय.”

“कोण साहेब?”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मला काहीच माहीत नाही हे त्याला तेव्हा कळलं.

“तुमचेच साहेब, मॅडम. पाटबंधाऱ्याचे. चार वर्षं येत होते, दर रविवारी सकाळी. गाजरं घेऊन यायचे.”

रविवारी सकाळी हे गंगेवर फिरायला जायचे. परत येताना भाजी आणायचे. शेवटची चार वर्षं दर रविवारी. त्यात गाजरं असायची की नसायची ते मला आठवत नव्हतं.

“मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“मी लय वेळा म्हणलो, मॅडमना आणा, खुरं दाखवू. ते म्हणायचे, ती आठवडाभर जनावरंच बघते, रविवारी नको.”

मी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, बर्फाच्या पिशव्या बांधायला सांगितल्या, खाली हातभर वाळू टाकायला सांगितलं. धान्य बंद, फक्त भिजवलेलं गवत. उद्या येते म्हणाले. गाडीत बसल्यावर मला दवाखान्यातली एक गोष्ट आठवली. शेवटच्या आठवड्यात हे सारखे विचारायचे, “आज रविवार का?” मी म्हणायची, नाही, बुधवार आहे. मला वाटलं होतं, वारांचं भान सुटलंय.

घरी येऊन मी ती वही शोधली. कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली होती. लांबट हिशेबवही, आखलेले रकाने. वर्ष, घोड्याचं नाव, रंग, जॉकी, किती अंतराने जिंकला. ह्यांचं अक्षर इंजिनिअरचं, सगळी अक्षरं एका उंचीची. दर पानावर पेपरातला एक फोटो, खळीने चिकटवलेला, कडा पिवळ्या. आणि शेवटी एक रकाना होता, ‘नंतर’ असं लिहिलेला. तो बहुतेक रिकामाच होता. कुठे ‘पैदाशीला’, कुठे ‘परदेशी पाठवला’, एका ठिकाणी ‘लवकर वारला’. चौदा वर्षांपूर्वीच्या पानावर तांबड्या घोडीचा फोटो होता, कपाळावर ठिपका, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा. ‘नंतर’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘गंगेवर. रविवारी भेट.’

चौदा वर्षांपूर्वीची डर्बी मी पाहिली होती. म्हणजे मी तिथे होते. मुंबईला ह्यांच्या भावाकडे बारसं होतं, आणि दुपारी हे मला रेसकोर्सवर घेऊन गेले. मला ऊन आठवतं. चपलेचा अंगठा तुटला होता तो आठवतो. एका बाईने मला तिच्या डब्यातलं सँडविच दिलं होतं, त्यात पुदिना फार होता. शर्यतीच्या वेळी सगळे उभे राहिले आणि मला समोरच्या माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसलं नाही. हे परत येताना गाडीत इगतपुरीपर्यंत त्या घोडीबद्दल बोलत होते. काय बोलत होते ते मी ऐकलं नव्हतं.

माझी खात्री पटत नव्हती. तांबड्या, कपाळावर ठिपका असलेल्या घोड्या शेकड्याने असतात. माझ्या वर्गातला एकजण पुण्याजवळच्या एका पैदास केंद्रात बरीच वर्षं काम करत होता. शर्यतीच्या घोड्याच्या कागदांवर त्याच्या अंगावरच्या खुणा आणि केसांचे भोवरे आखून ठेवलेले असतात. मी तिचे चारी बाजूंनी फोटो काढले, मानेवरचे दोन भोवरे जवळून काढले आणि त्याला पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

“तीच आहे,” तो म्हणाला. “तुला कुठे मिळाली?”

“नाशिकला. पोरांना फेऱ्या मारते.”

मग तो सांगायला लागला. तिला तीन शिंगरं झाली, तिन्ही सुमार निघाली. नंतर तीन वर्षं गाभण राहिलीच नाही. चांगल्या घरी द्यायची म्हणून एका घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेला दिली. ती संस्था बंद पडली. पुढचं त्याला माहीत नव्हतं. पुढचं घोडेवाल्याला माहीत होतं. येवल्याच्या घोडेबाजारात एका कोपऱ्यात ती उभी होती, पांढरी नाही म्हणून कोणी बघत नव्हतं. आणि ह्यांनी तिला पाहिलं ते शिवजयंतीच्या मिरवणुकीत, ढोलताशाच्या पुढे. घोडेवाला म्हणाला, साहेब मिरवणुकीबरोबर शेवटपर्यंत चालत आले होते.

मी रोज सकाळी जाऊ लागले. इंजेक्शन, बर्फ, खुरांच्या तळाला आधार द्यायला रबराचे तुकडे. दुपारी घरी आले की वही घेऊन बसायची आणि वर्गमित्राला फोन लावायची. रिकाम्या रकान्यांतला एकेक घोडा त्याला विचारायची. पहिल्यांदा त्याला नवल वाटलं, मग तोही जुन्या लोकांना विचारून सांगू लागला. एक पोटशुळाने गेला. एक अठ्ठावीस वर्षं जगला, शेवटी आंधळा होता, पण कुंपणाला धरून बरोबर पाण्यापर्यंत जायचा. एका घोडीचा तर काही पत्ताच लागत नव्हता, तिच्या जॉकीलाही माहीत नव्हतं. मी पेन्सिलने लिहून ठेवत होते. हौस म्हणून नव्हे. दुपारी करायला दुसरं काही नव्हतं, आणि हे काम बसून करता येत होतं.

तिसऱ्या आठवड्यात घोडी आडवी पडली ती उठेना. उजव्या खुराचा तळ मी साफ केला तेव्हा आतल्या हाडाचं टोक तळातून बाहेर दिसलं. बारीकसं, पांढरं. याच्या पुढे काही करता येत नाही. मी हातमोजे काढले आणि घोडेवाल्याशेजारी पाण्याच्या हौदावर बसले.

“उपाय नाही आता,” मी म्हणाले. “ठेवली तर दुखणं वाढत जाईल. झोपवणं बरं.”

“झोपवणं म्हणजे...”

“हो.”

त्याने गमछा काढून मांडीवर ठेवला. “साहेब असते तर काय म्हणले असते?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. “पण मी डॉक्टर म्हणून सांगते, तिला फार दुखतंय.”

“मग आजच करा, मॅडम. उद्यापर्यंत मला नाय बघवणार.”

दिंडोरी रस्त्याला त्याच्या भावाची पडीक जमीन होती. तिथे खड्डा घ्यायला जेसीबी सांगितला, मीठ आणि चुना आणवला. कागदावर त्याची सही घेतली. आधी गुंगीचं दिलं, ती शांत झाल्यावर दुसरं. तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. मी हृदयावर नळी ठेवून ऐकत होते. ठोके लांबत गेले, मग थांबले. पुढची पाच मिनिटं मी तशीच ऐकत राहिले, तसा नियमच आहे. घोडेवाला रडला, तोंडावर गमछा धरून, आवाज न करता. मी वेळ लिहून घेतली, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि डोळ्याच्या पापणीवरची माशी हाकलली.

माझ्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, ती मी कोणाला सांगितली नाही. हे गेले तेव्हा मी दवाखान्याच्या खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तेव्हा नर्सने चादर नीट केलेली होती. ती वेळ मला नर्सने सांगितली. ठोके थांबलेले मी स्वतःच्या कानाने ऐकले नव्हते.

त्या दिवशी घरी येऊन मी आंघोळ केली, वरणभात खाल्ला आणि झोपले. संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, गाजरांपासून. तीच रडली. म्हणाली, “आई, तू ठीक आहेस ना?” मी म्हणाले, “आहे. भात जास्त झाला, उद्या फोडणीचा करीन.” मग ती म्हणाली, “बाबा मलाही नाही गं बोलले.” ते ऐकून मला कुठेतरी बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं आश्चर्य वाटलं.

महिन्याभराने घोडेवाल्याचा पुन्हा फोन आला. लग्नाचा मोसम तोंडावर होता आणि त्याच्या एका पांढऱ्या घोडीचं वय झालं होतं.

“मंगळवारी येवल्याच्या बाजारात चाललोय, मॅडम. दात बघायला कोणी जाणतं असलं तर बरं होईल. येता का?”

मी हो म्हणाले. का म्हणाले ते सांगता येणार नाही. त्याच्या टेम्पोत पुढे बसून गेलो. बाजारात धूळ होती, घुंगरांचा आवाज होता, उसाचा रस होता. एका व्यापाऱ्याने पांढरीशुभ्र घोडी पुढे केली, शेपटीला गुलाबी गोंडा बांधलेली.

“सहा वर्षांची, बाई. लिहून घ्या.”

मी तिचा ओठ वर केला, दात बघितले, जबड्यावरून बोट फिरवलं.

“अकरा,” मी म्हणाले.

व्यापारी हसला. घोडेवाल्याने माझ्याकडे बघितलं, दोरी व्यापाऱ्याच्या हातात परत दिली, आणि आम्ही पुढच्या घोडीकडे गेलो.