पडद्यावरचा लापाचो

प्रोफे, म्हणजे शाळेतल्या बाई, लिब्रादा ओहेदा यांचा उभा जन्म पिलार गावातल्या मुलांना साहित्य शिकवण्यात गेला आणि एकाच गोष्टीवरून डोकं पिकवून घेण्यात गेला. पुस्तकात खोलीचं, झाडाचं, उन्हाचं वर्णन आलं की मुलं पान उलटायची.

"प्रोफे, पुढं काय झालं ते सांगा ना."

"अरे बाबांनो, पुढं काय होणार ते त्या खोलीतच दिसतंय," त्या म्हणायच्या. कोणी ऐकेल तर शपथ.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिलं. एक आई, एक खिडकी आणि खिडकीबाहेर लापाचोचं उघडंबोडकं झाड. मुलगा ब्युनोस आयर्सला बांधकामावर गेलेला. लापाचो फुलांनी गुलाबी झाला की येतो, असं सांगून गेलेला. नाटकभर आई तेरेरे, म्हणजे चारचौघांत फिरवून प्यायचा पाल्याचा गार चहा, एकटीच ओतते, एकटीच पिते आणि वाट बघते.

गावाच्या वर्धापनदिनाला प्रयोग ठरला. आईचं काम पावाच्या दुकानातल्या फिदेलिनाला दिलं. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मागचा पडदा रंगवायचं डॉन आनास्तासियोंनी हौसेनं अंगावर घेतलं. रंगाचं दुकान त्यांचंच, आणि गाव त्यांना मानानं 'डॉन' म्हणायचं.

प्रयोगाच्या दुपारी लिब्रादाबाई हॉलवर आल्या, तर खिडकीबाहेरचं झाड गुलाबी फुलांनी नुसतं लगडलेलं.

"डॉन आनास्तासियो, हे काय करून ठेवलंत?"

"का? झकास नाही दिसत?"

"मी बोडकं झाड सांगितलं होतं."

"गावाचा सण आहे, प्रोफे. वाळकं खोड काय दाखवायचं लोकांना? आणि झाडच तर आहे. गोष्टीला कुठं हात लावलाय मी?"

लिब्रादाबाईंनी कपाळाला हात लावला. दुसरा पडदा रंगवायला आता वेळच नव्हता.

संध्याकाळी पडदा उघडला. फुलं दिसताच लोक खूश झाले. मुलगा आलाच म्हणून सगळे सरसावून बसले. बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की माना दाराकडे वळायच्या. फिदेलिना हमसाहमशी रडायला लागली, तर मागून एक जण म्हणाला, "अगं रडतेस काय, पोहोचतोय तो." हॉल हसला. नाटक संपलं तरी कोणी उठेना.

दुसऱ्या दिवशी बाजारात जो तो विचारत होता, "प्रोफे, मुलाचं काम करणारा आजारी पडला का?"

डॉन आनास्तासियोंनी तर उपायच काढला. "एक मुलगा घाला की शेवटी. माझा भाचा रिकामाच बसलाय."

लिब्रादाबाई तडक घरी निघून गेल्या. पुढच्या शनिवारी दुसरा प्रयोग होता. नव्या पडद्याला कापड नव्हतं, आणि झाडावर करडा रंग फासला असता तर पोपडे धरल्यासारखं दिसलं असतं. दोन दिवस त्या चडफडत राहिल्या. मग त्यांनी फिदेलिनाला बोलावून घेतलं.

"शेवटी रडायचं नाही. फुलांकडे बघायचं आणि खिडकी लावून घ्यायची."

"एवढंच? प्रोफे, रडणं किती बसवलं होतं मी."

"एवढंच. आणि तोंडातून चकार शब्द काढलास तर बघ."

शनिवारी फिदेलिनानं फुलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खिडकी ओढली. कडी लागेना, म्हणून पुन्हा ओढली. कुणीही हसलं नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हातारीच्या दोन्ही मुली ब्युनोस आयर्सला होत्या. तिनं शाल डोक्यावरून घेतली आणि दिवे लागेपर्यंत खाली काढली नाही.

डॉन आनास्तासियो लगबगीनं आले. "बघा, फुलंच हवी होती."

लिब्रादाबाईंचा संताप झाला तो यामुळेच, की त्यांचं बोलणं खरं होतं. बोडक्या झाडापाशी आईला अजून आशा होती. बहरलेल्या झाडापाशी मुलाची यायची वेळ येऊन गेली होती आणि ते तिला कळलं होतं. हे त्यांना स्वतःला सुचलं नव्हतं.

"तुम्हाला यातलं काहीएक कळलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि घरी जाऊन त्यांनी नाटकाच्या वहीत बोडकं झाड खोडून बहरलेलं लिहिलं.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावानं नाटक मागितलं. तिथला रंगारी काम सुरू करायच्या आधीच त्या स्टूल टाकून पडद्यासमोर बसल्या, आणि शेवटचं फूल रंगवून होईपर्यंत उठल्या नाहीत.