कोल्ह्यांची वाट

माझ्या अंगात कधी काही येत नाही, आणि ज्यांच्या येतं त्यांची मी मनसोक्त टिंगल करते. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही ठाकुर्लीला, खाडीच्या बाजूला, नव्या सोसायटीत राहायला गेलो. मागे खारफुटी, पुढे रस्त्यापलीकडे झुडपांचा माळ आणि मधे आमची बिल्डिंग. खाडीतले कोल्हे संध्याकाळी माळावर जायचे ते आमच्या कंपाउंडमधूनच. मागच्या भिंतीला तळाशी एक भोक राहून गेलेलं. तिथून आत शिरायचे आणि गेटखालून बाहेर. माझी सहा वर्षांची मुक्ता गॅलरीत बसून त्यांची वाट बघायची.

सेक्रेटरी लेलेंना ते भोक खुपायचं. मीटिंगमध्ये मी कडाकडा भांडले. "अहो, त्यांच्या वाटेत बिल्डिंग आपण बांधलीय. एवढं भोक तरी राहू दे!"

"वहिनी, ही सोसायटी आहे, अभयारण्य नाही," लेले म्हणाले. सगळे हसले आणि मी हरले.

एका शनिवारी दुपारी गवंड्याने भोक विटांनी बुजवून वरून प्लॅस्टर केलं. दिवेलागणीला मुक्ता कुठे दिसेना. गच्ची, जिने, शेजारपाजार... कुठेच नाही. मग तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ती मघाशी गेटमधून खाडीकडे जाताना दिसलेली.

आणि भरती लागलेली! मी ओरडत गेटकडे धावले. जवळच्या कोळीवाड्यातला नारायण धावत आला. "वयनी, घाबरू नको. आमी होरी घालतो पान्यान." त्याची छोटी होडी निघाली. लेलेसुद्धा टॉर्च घेऊन चिखलात उतरले. मी गेटवर उभी, बायका मला धरून.

"आई!"

हाक मागून आली. कंपाउंडच्या आतून! मुक्ता उभी होती, गुडघ्यापर्यंत काळा चिखल. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

"कुठून आलीस गं?"

"भोकातून. कोल्हा पुढे होता, मी त्याच्या मागे."

"अगं, पण तिकडे गेलेलीस कशाला?"

"त्यांना सांगायला. रस्ता बंद झालाय म्हणून."

लेले परत आल्यावर आम्ही टॉर्च घेऊन मागे गेलो. भिंत बंद. वर काचा लावलेल्या, खाली प्लॅस्टर ओलं आणि त्यावर साधा ओरखडाही नाही. पण भिंतीच्या पायथ्यापासून चिखलाची पावलं निघालेली — छोटी, अनवाणी, आणि त्यांच्या पुढे पंजे. पंजे बिल्डिंगच्या कोपऱ्यापर्यंत आलेले. पुढे फक्त मुक्ताची पावलं.

लेले खाली बसले. प्लॅस्टरला बोट लावलं तर बोट आत गेलं. सकाळी त्यांनीच गवंड्याला बोलावलं. "फोड ते. आणि पहिल्यापेक्षा मोठं ठेव."

कोल्हे पुन्हा येऊ लागले. त्यांना त्रास नको म्हणून मागचा दिवा आम्ही संध्याकाळी लावायचोच नाही. माझी मुलगी त्यांनी मला परत दिली. हे ऋण मी कसं फेडणार?

मी खूप डोकेफोड केली. अजूनही करते. मुक्ता आता स्वतः आई आहे. मधूनमधून मी तिला विचारते, "ते भोक उघडं कसं होतं गं?"

"भोकाचं काही आठवत नाही," ती म्हणते. "पण तो सारखा थांबून मागे बघत होता, आई... मी येतेय ना म्हणून."